डेस्कटॉप कोरा, खालची पट्टी गायब: फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

कॉम्प्युटर सुरू केला, पासवर्ड टाकला, वॉलपेपर आला आणि पुढे काहीच नाही. आयकॉन नाहीत, खालची पट्टी नाही, स्टार्टचं बटण नाही. माऊसचा बाण तेवढा फिरतोय. पोटात गोळा येतो, कारण डोळ्यांना दिसतं ते असं की सगळं पुसलं गेलं. लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, मुलीच्या अकरावी प्रवेशासाठी स्कॅन करून ठेवलेले कागद, सगळं.

मग ओळखीच्या दुकानदाराला फोन जातो आणि पुष्कळदा तिकडून मशीन न बघताच उत्तर येतं, "फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल. ते उत्तर ऐकण्याआधी हा लेख वाचा. मी ऐरोलीत राहतो. आमच्या इमारतीत आणि आसपास, घणसोलीपासून कळव्यापर्यंत, ओळखीतल्या काका-काकूंचे कॉम्प्युटर बंद पडले की मला फोन येतो. त्यात आयकॉन आणि पट्टी गेल्याची तक्रार नेहमीची. फॉरमॅटची खरोखर गरज असलेलं मशीन त्यात क्वचितच निघतं. उलट घाईने फॉरमॅट करून मुलांच्या लहानपणीचे फोटो कायमचे गमावलेली घरं मला माहीत आहेत, म्हणून हे सगळं इतकं तपशिलात लिहितोय.

लेख विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. डेस्कटॉपवरचे आयकॉन, खालची पट्टी म्हणजे टास्कबार आणि स्टार्टचं बटण हे सगळं पडद्यावर मांडण्याचं काम मुख्यतः एकच प्रोग्रॅम करतो. त्याचं नाव विंडोज एक्सप्लोरर. फोल्डर उघडल्यावर जी खिडकी येते तीही त्याचीच. हा प्रोग्रॅम मधेच बंद पडला, अडकला किंवा सुरूच झाला नाही, तर पट्टी आणि आयकॉन एकदम जातात. तुमच्या फाइली मात्र डिस्कवर जिथे होत्या तिथेच असतात. दुकानाची पाटी खाली आली म्हणून आतला माल जात नाही, तसंच हे.

त्यामुळे घाबरून पॉवरचं बटण दाबून धरत पुन्हा पुन्हा मशीन बंद करू नका. आतमध्ये अपडेट बसत असेल तर त्या दाबण्यानेच खरा बिघाड होतो. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कच्या मशीनवर मोठ्या अपडेटनंतर डेस्कटॉप यायला बराच वेळ लागतो. डिस्कचा बारीक दिवा सारखा लुकलुकत असेल तर दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. चहा घ्या, मग पुढचं करा.

पहिली चाचणी

कीबोर्डवर विंडोजच्या चिन्हाचं बटण दाबून धरा आणि ई दाबा. फोल्डरची खिडकी उघडली, तर एक्सप्लोरर जिवंत आहे. म्हणजे पट्टी किंवा आयकॉन कुठल्या तरी सेटिंगमुळे लपलेत. काहीच झालं नाही, तर एक्सप्लोरर बंद आहे किंवा अडकलाय.

दुसरी खूण माऊसची. रिकाम्या डेस्कटॉपवर उजवं बटण दाबा. मेनू आला तर एक्सप्लोरर चालू, नाही आला तर बंद. या दोन खुणांवरून पुढचा रस्ता ठरतो. दुकानदाराला किंवा पुण्या-बंगळुरूत बसलेल्या मुलाला फोन कराल तेव्हाही आधी हेच सांगा. "काहीच दिसत नाही" एवढ्यावरून समोरच्याला काही कळत नाही. "विंडोज आणि ई दाबलं तर खिडकी येते, पण पट्टी नाही" असं सांगितलंत तर अर्धं काम तिथेच होतं.

विंडोज-ई दाबूनही काही झालं नाही तर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. एस्केप म्हणजे डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातलं बटण. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. नाही उघडली तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबा. अख्खा पडदा बदलून चार-पाच पर्याय येतील, त्यातला टास्क मॅनेजर निवडा. एक्सप्लोरर मेलेला असताना विंडोजच्या बटणाचे बरेचसे शॉर्टकट चालत नाहीत, कारण ते एक्सप्लोररच ऐकत असतो. ही दोन मात्र विंडोज स्वतः सांभाळतं, त्यामुळे ती अशा वेळी हमखास उपयोगी पडतात. कुठेतरी लिहून ठेवा.

विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजर कधी कधी छोटासा, दोन-तीन नावांचाच उघडतो. खाली डाव्या कोपऱ्यात 'मोअर डिटेल्स' असतं, त्यावर क्लिक केलं की पूर्ण यादी दिसते.

आता या यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' शोधा. नाव सापडलं तर त्यावर एकदा क्लिक करा आणि 'रिस्टार्ट' म्हणा. विंडोज १० मध्ये हे बटण खाली उजव्या कोपऱ्यात असतं. ११ मध्ये 'रिस्टार्ट टास्क' वरच्या बाजूला दिसतं, किंवा नावावर उजवं बटण दाबून मिळतं. पडदा क्षणभर लुकलुकेल आणि बहुतेक वेळा पट्टी, आयकॉन सगळं परत येईल.

नाव यादीत नसेलच, तर ते आपण सुरू करायचं. विंडोज १० मध्ये वर 'फाइल' मेनूत 'रन न्यू टास्क' आहे. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत 'रन न्यू टास्क' हे बटण वरच्या पट्टीवर समोरच असतं. एक छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजीत एक्सप्लोरर लिहा: ई, एक्स, पी, एल, ओ, आर, ई, आर. पुढे डॉट ईएक्सई लावलंत तरी चालेल, नाही लावलंत तरी चालेल. खाली 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रिव्हिलेजेस'ची एक चौकोनी खूण असते, तिला हात लावू नका. ओके दाबा.

इथे मराठी घरांत एक नेहमीची अडचण येते. कोपरखैरण्याच्या एका काकूंना मी फोनवरून हेच सांगत होतो. एकेक अक्षर त्यांनी नीट शोधून दाबलं आणि म्हणाल्या, "अरे, हे काहीतरी भलतंच उमटतंय. काना, अनुस्वार, मग ज, त, द..." त्यांच्या मशीनवर महिला मंडळाचं पत्र लिहायला मराठी कीबोर्ड टाकलेला होता आणि तोच चालू राहिला होता. इनस्क्रिप्ट मांडणीत ई दाबलं की काना येतो, एक्स दाबलं की अनुस्वार, पी म्हणजे ज, एल म्हणजे त, ओ म्हणजे द. असं झालं तर डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडा. भाषा बदलते. चौकटीतलं खोडून पुन्हा लिहा. तरी जमलं नाही तर टाइप करायच्या भानगडीतच पडू नका. त्याच चौकटीत 'ब्राउझ' नावाचं बटण आहे. ते दाबून सी ड्राइव्ह, त्यात विंडोज नावाचा फोल्डर आणि त्यातली एक्सप्लोरर नावाची फाइल निवडा. काकूंचं काम शेवटी असंच झालं.

ओके केल्यावर पट्टी आली तर उत्तम. पण पट्टी न येता नुसती फोल्डरची खिडकी उघडली, तर त्याचा अर्थ वेगळा आहे. एक्सप्लोरर आधीपासूनच चालू होता आणि पट्टी दुसऱ्या कुठल्या कारणाने दिसत नाहीये. पुढे 'जिवंत आहे, पण लपलाय' हा भाग बघा.

हे ब्राउझचं बटण आणखी एका कामासाठी मोलाचं आहे. ते दाबल्यावर येणाऱ्या खिडकीतून तुम्ही तुमचे फोल्डर बघू शकता. खाली उजवीकडे 'प्रोग्रॅम्स' लिहिलेलं असेल तिथे 'ऑल फाइल्स' करा. मग सी ड्राइव्हमधला 'युझर्स' फोल्डर, त्यात तुमचं नाव, त्यात 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स'. फोटो तिथे आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की हातापायांतली थरथर थांबते. पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर याच खिडकीत फोल्डरवर उजवं बटण दाबून कॉपी आणि पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट करता येतं. डेस्कटॉप आलेला नसतानाही. पुढची कोणतीही खटपट करण्याआधी अजिबात गमवायचे नाहीत असे फोल्डर इथूनच काढून घ्या, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पट्टी येते आणि पुन्हा जाते

एक्सप्लोरर सुरू होतो, दोन सेकंद पट्टी दिसते, पडदा लुकलुकतो आणि परत कोरा. हा त्रास बहुधा बाहेरून बसवलेल्या एखाद्या प्रोग्रॅमचा असतो. फाइलवर उजवं बटण दाबल्यावर येणाऱ्या मेनूत पुष्कळ प्रोग्रॅम आपापली ओळ घुसवतात: झिप उघडणारे, पीडीएफवाले, काही अँटिव्हायरस. असा एखादा तुकडा बिघडला की तो एक्सप्लोररलाच सोबत घेऊन पडतो. आधी आठवा, गेल्या दोन-चार दिवसांत काय बसवलं? मुलाने गेम टाकला का? नवीन प्रिंटर आला का? कुणी 'फ्री पीडीएफ' म्हणून काही उतरवलं का?

खात्री करायला सेफ मोड वापरा. त्यात विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टी घेऊन सुरू होतं. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा, खालच्या उजव्या कोपऱ्यातलं पॉवरचं चिन्ह दाबा, आणि शिफ्टचं बटण दाबून धरून 'रिस्टार्ट' म्हणा. निळा पडदा येईल. तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज', मग 'रिस्टार्ट'. मशीन परत सुरू होताना आकड्यांची यादी दाखवेल. ४ दाबलं की साधा सेफ मोड, ५ दाबलं की इंटरनेटसह.

एक सावधगिरी. नव्या लॅपटॉपवर डिस्क अनेकदा कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते आणि या वाटेने जाताना ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात लॉगिन करून ती आधी कागदावर उतरवून घ्या, मगच शिफ्ट-रिस्टार्ट करा. ती मिळत नसेल तर सेफ मोडच्या वाटेला जाऊ नका.

सेफ मोडमध्ये पट्टी-आयकॉन व्यवस्थित दिसले, तर विंडोज ठीक आहे आणि दोष बाहेरच्या प्रोग्रॅमचा आहे असं समजा. 'कंट्रोल पॅनेल'मधल्या 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स'मध्ये तारखेनुसार यादी लावा आणि अलीकडे आलेलं काढून टाका. काही प्रोग्रॅम सेफ मोडमधून निघत नाहीत. तसं झालं तर त्याच निळ्या पडद्यावर, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये, 'सिस्टिम रिस्टोअर' आहे. विंडोजने आधी खूण करून ठेवली असेल तर ते त्या तारखेला परत नेतं. त्यानंतर बसवलेले प्रोग्रॅम जातात, तुमचे फोटो आणि फाइली राहतात. त्रास विंडोजच्या अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल तर तिथेच 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. त्यात 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट' काढून बघा.

अशा वेळी "मीच काहीतरी दाबलं" म्हणून बरेच जण स्वतःला बोल लावतात. तसं समजायचं कारण नाही. २ सप्टेंबर २०२१ ला विंडोज ११ ची चाचणी आवृत्ती वापरणाऱ्या लोकांचे स्टार्ट मेनू आणि टास्कबार अचानक निकामी झाले होते, आणि त्याचं कारण मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडून आलेला एक संदेश हे होतं. वापरणाऱ्यांनी काहीही केलेलं नव्हतं.

जिवंत आहे, पण लपलाय

विंडोज-ई दाबल्यावर खिडकी उघडली ना? मग बहुतेक काम दोन मिनिटांचं आहे.

फक्त पट्टी गायब असेल तर विंडोजचं बटण एकदा दाबा. स्टार्ट मेनू आणि त्याबरोबर पट्टी वर आली, आणि मेनू बंद केल्यावर पुन्हा गेली, तर 'ऑटोमॅटिकली हाइड द टास्कबार' चालू झालंय. पडद्याची खालची कड नीट न्याहाळा. अगदी बारीक, केसाएवढी एक रेघ दिसते. बाण तिथे टेकवला की पट्टी सरकत वर येते. कायमची आणायला विंडोज आणि आय दाबून सेटिंग्ज उघडा, 'पर्सनलायझेशन'मध्ये 'टास्कबार'वर जा आणि ती खूण काढा. विंडोज ११ मध्ये ती 'टास्कबार बिहेवियर्स'च्या आत आहे. विंडोज १० मध्ये पट्टी लॉक केलेली नसेल तर ती माऊसने ओढून खाली दाबली जाऊ शकते. मग लपवण्याचं सेटिंग बंद असूनही नुसती रेघच उरते. रेघेवर बाण नेला की त्याचा दुतोंडी बाण होतो. दाबून धरून वर ओढा.

फक्त आयकॉन गेले असतील तर रिकाम्या जागी उजवं बटण दाबा, 'व्ह्यू'वर जा आणि 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'समोर खूण आहे का बघा. नसेल तर करा. घरात लहान मूल असेल तर बहुधा हेच निघतं. आणि विंडोज ११ चं नवं मशीन आणलं असेल तर 'धिस पीसी' तिथे मुळातच नसतं, रिसायकल बिन तेवढा असतो. 'पर्सनलायझेशन', 'थीम्स', 'डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज' इथून हवे ते लावून घ्या.

विंडोज १० च्या टचस्क्रीन लॅपटॉपवर टॅब्लेट मोड चालू झाला की डेस्कटॉपचे आयकॉन दिसत नाहीत, त्यांच्या जागी मोठमोठे चौकोन येतात. विंडोज आणि ए दाबा, उजवीकडे पट्टा उघडेल, त्यात 'टॅब्लेट मोड' बंद करा.

टीव्हीला केबलने लॅपटॉप जोडला होता का? मॅच बघायला जोडला, टीव्ही बंद केला, केबल तशीच राहिली, तर विंडोजच्या लेखी दोन पडदे चालू असू शकतात आणि आयकॉन दुसऱ्या पडद्यावर जाऊन बसतात. विंडोज आणि पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा, नाहीतर सरळ केबल काढा. टीव्हीवरच बघत असाल आणि फक्त कडा कापल्या जात असतील, पट्टी अर्धीच दिसत असेल, तर दोष टीव्हीच्या चित्र-आकाराच्या सेटिंगचा आहे. टीव्हीच्या मेनूत 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असं काही असतं, ते लावा.

पडदा भरून धमकी, आणि एक फोन नंबर

याला वेगळी जागा देतोय, कारण इथे पैसे जातात.

इंटरनेटवर काही बघताना अचानक अख्खा पडदा लाल-निळा होतो, कर्कश आवाज सुरू होतो, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा" असं इंग्रजीत येतं. खालची पट्टी दिसत नाही, आयकॉन दिसत नाहीत, बंद करायची फुलीही नाही. हा व्हायरस नसतो. ते एक वेब पान असतं आणि त्याने ब्राउझरला पूर्ण पडद्यावर नेलेलं असतं, म्हणून पट्टी झाकली जाते. एस्केप दोन-तीन सेकंद दाबून धरा. नाही गेलं तर एफ ११, मग ऑल्ट आणि एफ ४. तेही नाही चाललं तर टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर निवडा आणि 'एंड टास्क' म्हणा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर "मागची पानं परत उघडू का?" असं विचारेल, तिथे नाही म्हणा.

त्या नंबरवर फोन करू नका. मायक्रोसॉफ्ट पडद्यावर नंबर झळकावून फोन करायला लावत नाही. फोन केलात तर समोरची व्यक्ती अगदी नम्रपणे तुम्हाला एक ॲप उतरवायला लावते आणि तुमचा कॉम्प्युटर स्वतःच्या ताब्यात घेते. बनावट कॉल सेंटर कुठे दूरदेशीच चालतात असंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला अशाच कॉल सेंटरांवर छापे घातले होते. तिथून अमेरिकेतल्या लोकांना करखात्याच्या नावाने धमकावून पैसे उकळले जात होते. पैसे गेलेच असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. इथे उशीर फार महागात पडतो.

पट्टी आहे, पण डेस्कटॉपवरच्या माझ्या फाइली नाहीत

इथे आयकॉन लपलेले नसतात, डेस्कटॉपच वेगळा असतो. दोन कारणं तपासा.

पहिलं वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली साठवायची सोय. विंडोज सुरुवातीलाच डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये ठेवायची परवानगी मागतं आणि आपण हो म्हणून जातो. पुढे कधी ते बंद केलं की डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो आणि फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये 'डेस्कटॉप' नावाने तशाच बसलेल्या असतात. विंडोज-ई दाबा, डावीकडे वनड्राइव्ह उघडा आणि तिथून परत आणा.

दुसरं कारण जास्त जपून हाताळायचं. लॉगिन करताना "वुई कान्ट साइन इन टू युअर अकाउंट" असा संदेश आला आणि डेस्कटॉप नव्या मशीनसारखा कोरा दिसला, तर विंडोजने तुमचं खातं उघडता न आल्यामुळे तात्पुरतं खातं दिलंय. त्यात काहीही सेव्ह करू नका, साइन आउट केलं की ते पुसलं जातं. मशीन व्यवस्थित रिस्टार्ट करा. पुष्कळदा तेवढ्याने मूळ खातं परत येतं. नाही आलं तरी फाइली सी ड्राइव्हच्या 'युझर्स'मध्ये तुमच्या जुन्या नावाखाली असतात. त्या आधी पेन ड्राइव्हवर घ्या, मग नवीन युझर तयार करा.

विंडोजच्या फाइलीच बिघडल्या असतील तर

पावसाळ्यात महावितरणची वीज एकाएकी जाते-येते आणि यूपीएस नसलेला कॉम्प्युटर त्या वेळी डिस्कवर काही लिहीत असेल, तर फाइली अर्धवट राहतात. जूनच्या पहिल्या वादळी पावसानंतर मला येणारे फोन वाढतात ते यामुळे. दुरुस्तीच्या आज्ञा सोप्या आहेत. टास्क मॅनेजरमधून 'रन न्यू टास्क', त्यात इंग्रजीत सीएमडी, आणि या वेळी मात्र ॲडमिनिस्ट्रेटिव्हची खूण करायची. काळी खिडकी येईल. इंग्रजी अक्षरांत आधी 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ', एंटर. याला इंटरनेट लागतं आणि वेळही लागतो. टक्का बराच वेळ एकाच आकड्यावर अडकल्यासारखा वाटला तरी बंद करू नका. ते संपल्यावर 'एसएफसी /स्कॅननाउ', एंटर. प्रत्येक तिरक्या रेघेच्या आधी एक जागा सोडायची. शेवटी बिघडलेल्या फाइली सापडून दुरुस्त झाल्या की नाही ते लिहून येतं. मग रिस्टार्ट.

डिस्कमधून टक-टक असा एकसारखा आवाज येत असेल, किंवा एकेक फोल्डर उघडायला मिनिटं लागत असतील, तर यातलं काहीही चालवू नका. डिस्क मरणाला टेकलेली असू शकते आणि प्रत्येक तपासणी तिला आणखी दमवते. बंद करा आणि फाइली काढून देणाऱ्याकडे न्या.

व्हायरसची शंका कधी घ्यायची? टास्क मॅनेजर उघडताना "डिसेबल्ड बाय युअर ॲडमिनिस्ट्रेटर" आलं आणि मशीन घरचंच असेल, तर घ्या. किंवा अँटिव्हायरसने काहीतरी काढल्यापासून दर वेळी एक्सप्लोरर हातानेच सुरू करावा लागत असेल, तर घ्या. काही व्हायरस रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक्सप्लोररच्या जागी स्वतःचं नाव लिहून ठेवतात. व्हायरस जातो, नोंद राहते. जाणकार माणसाला 'विनलॉगऑन'मधली 'शेल'ची नोंद आणि 'इमेज फाइल एक्झिक्यूशन ऑप्शन्स'मध्ये एक्सप्लोररच्या नावाची नोंद बघायला सांगा. रजिस्ट्रीत नवख्याने स्वतः काही खोडू नये. तुम्ही करायचं ते एवढंच: पट्टी आली की 'विंडोज सिक्युरिटी'त, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'स्कॅन ऑप्शन्स', 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. डिफेंडर म्हणजे विंडोजचाच अँटिव्हायरस. मशीन स्वतः रिस्टार्ट होतं आणि साधारण पंधरा मिनिटांत तपासणी होते. विंडोज १० चं नेहमीचं सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. घरगुती वापराच्या मशीनसाठी नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. जुन्या मशीनवर बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवा.

महापे, ऐरोलीतल्या कंपन्यांचे लॅपटॉप घरी आणणाऱ्यांसाठी: वरच्यातलं टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रिस्टार्ट करणं सोडून बाकी काही करू नका. तिथली सेटिंग्ज कंपनीची असतात. १३ जानेवारी २०२३ ला मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या एका सदोष अपडेटने जगभरातल्या ऑफिसांच्या मशीनवरचे स्टार्ट मेनूचे आणि टास्कबारचे शॉर्टकट उडवले होते. प्रोग्रॅम जागेवर होते, शॉर्टकट तेवढे गेले होते. ते निस्तरणं आयटी विभागाचंच काम होतं.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर

ठाण्यात स्टेशन परिसर, नौपाडा, वाशीत सेक्टर १७, किंवा थेट ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, कुठेही न्या, पण मशीन टेबलावर ठेवून निघून येऊ नका. काय काय करून बघितलं ते कागदावर लिहून द्या. "आधी डेटा काढा, मला दाखवा, मग पुढचं" असं स्पष्ट सांगा. डेटा ज्यावर घेणार ती डिस्क किंवा पेन ड्राइव्ह तुमची स्वतःची न्या. फोटोंचा फोल्डर तिथेच, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, मधलेच दोन-चार फोटो पूर्ण उघडतात का ते तपासा. ४८ आकडी की लागली तर ती तुम्ही स्वतः टाइप करा. फॉरमॅटशिवाय इलाज नाही असं म्हणाले तर "रिसेट धिस पीसी, कीप माय फाइल्स करून बघितलं का?" असं विचारा. त्यात बसवलेले प्रोग्रॅम जातात, पण फाइली राहतात. डिस्क बदलायची ठरली तर जुनी डिस्क परत मागून घ्या, बंद पडलेली असली तरी. तिच्यावर तुमचं सगळं घर आहे.